हृदयलहरीचा पन्हा : ईसीजीतील क्यूआरएसची रुंदी संगणक कशी मोजतो

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात यंत्र चार-पाच अंक छापून देते. ठोक्यांची गती, पीआर अंतर, क्यूआरएसचा कालावधी, क्यूटी अंतर आणि विद्युत अक्ष. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात आपण त्यांवरून नजर फिरवतो, आलेखाकडे एकवार पाहतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. मीही अनेक वर्षे तसेच करीत आलो. त्यातला 'क्यूआरएस' हा अंक नेमका कोठून येतो, हा प्रश्न मला वैद्यकीय शिक्षणाच्या काळात कोणी विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही. तो विचारला एका रुग्णाच्या मुलाने. त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा अभ्यास घडला. स्मरणिकेच्या निमित्ताने तो आपल्या मंडळातील डॉक्टर बंधुभगिनींपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रसंग

सुरतेत आपल्या खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे यंत्रमागांवर पोट भरतात. त्यांपैकीच एक अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ. चालताना धाप लागे, पायांवर सूज, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. टूडी एको तपासणीत इजेक्शन फ्रॅक्शन २८ टक्के. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे डाव्या वाहक शाखेतील अडथळा. अशा काही रुग्णांना सीआरटी या उपचाराचा लाभ होतो. यात एक विशेष पेसमेकर बसवून दोन्ही निलयांचे आकुंचन पुन्हा एकाच वेळी घडवून आणले जाते. हे यंत्र बसवायचे की नाही, हे ठरविणाऱ्या निकषांत क्यूआरएसची रुंदी अग्रभागी असते.

त्यांच्या पिशवीत आठ दिवसांच्या अंतराने काढलेले दोन ईसीजी होते. एकावर क्यूआरएस १२४ मिलिसेकंद, दुसऱ्यावर १३८. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार १३० ही महत्त्वाची सीमारेषा आहे. तिच्याखाली केवळ हृदयाच्या दुर्बलतेसाठी सीआरटी बसवू नये, असा स्पष्ट संकेत आहे. म्हणजे पहिला कागद 'नको' म्हणत होता आणि दुसरा 'विचार करा' म्हणत होता. यंत्राचा खर्च काही लाखांचा. गावाकडची दोन एकर जमीन विकावी का, याची चर्चा घरात सुरू झाली होती.

मुलगा स्वतः माग चालवणारा. तो मला म्हणाला, "साहेब, कापडाचा पन्हा दोन जणांनी मोजला तरी एकच भरतो. मग वडिलांच्या हृदयाचा पन्हा दोन मशीनवर दोन कसा आला? आणि खरा कोणता?"

मी काहीतरी बोलून वेळ निभावून नेली. पण प्रश्न मनातून जाईना.

पन्ह्याला किनार असते

दोन अंकांतील फरक १४ मिलिसेकंदांचा. नेहमीच्या, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने चालणाऱ्या कागदावर एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे हा फरक कागदावर मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त. आलेखाच्या रेघेची जाडीच जवळपास तेवढी असते. इतक्या सूक्ष्म अंतरावर लाखाचा निर्णय अवलंबून होता.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. त्याला मी विचारले, "तुमच्या शास्त्रात विद्युत स्पंदाची रुंदी कशी मोजतात?" तो लगेच म्हणाला, "सोपे आहे मामा. स्पंद जेवढा उंच, त्याच्या निम्म्या उंचीवर आडवी रेघ मारायची. चढताना जेथे छेद जातो तेथून उतरताना जेथे छेद जातो तेथपर्यंतचा काळ म्हणजे रुंदी." पुढच्या रविवारी त्याने माझाच ईसीजी संगणकात घेतला आणि आज्ञावली लिहून माझी रुंदी सांगितली : ३८ मिलिसेकंद. रुग्णालयातील यंत्र माझी रुंदी ९२ सांगत असे.

त्याची व्याख्या चूक नव्हती, ती त्याच्या कामाची व्याख्या होती. संगणकाच्या मंडलातील चौकोनी स्पंद जवळजवळ उभा चढतो आणि उभाच उतरतो. त्याला कापडासारखी स्पष्ट किनार असते. तेथे निम्म्या उंचीवर मोजा की पाव उंचीवर, उत्तर जवळपास तेच येते. निम्मी उंची घेण्याचा फायदा असा की तेथे चढ सर्वांत तीव्र असल्यामुळे गोंगाटाचा परिणाम कमी होतो. हृदयाची लहर मात्र आधाररेषेतून हळूच वर निघते आणि उतरताना एसटी भागात विरून जाते. शिवाय आपल्याला हवी असते निलयांच्या उद्दीपनाची पूर्ण मुदत, पहिल्या पेशीसमूहापासून शेवटच्या पेशीसमूहापर्यंत. ती पायथ्याशीच मोजावी लागते, आणि पायथ्याशी किनार सर्वांत अस्पष्ट असते. रंग पसरलेल्या साडीचा काठ नेमका कोठे संपतो, हे ठरविण्यासारखे हे काम आहे. मोजपट्टी अचूक असून भागत नाही. 'येथे संपला' हे आधी कोणीतरी ठरवावे लागते. यंत्रात ते आज्ञावली ठरविते.

संकेताचे अंकांत रूपांतर

डिजिटल ईसीजी यंत्र त्वचेवरील सूक्ष्म विद्युतदाब मोठा करते आणि ठराविक अंतराने त्याचा नमुना घेऊन अंक म्हणून साठविते. प्रौढांच्या ईसीजीसाठी सेकंदाला निदान ५०० नमुने घ्यावेत, अशी शिफारस आहे. म्हणजे दर २ मिलिसेकंदांना एक अंक. माझ्या क्यूआरएसच्या वाट्याला असे सुमारे ४६ अंक येतात. दोन अंकांच्या मध्ये काय घडले, हे यंत्राने पाहिलेलेच नसते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पेसमेकरचा स्पंद. त्याची रुंदी बहुधा ०.४ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवलेली असते. दोन मिलिसेकंदांच्या जाळ्यातून एवढा बारीक मासा बहुतेक वेळा निसटून जातो. म्हणून आधुनिक यंत्रांत पेसमेकरचा स्पंद टिपण्यासाठी कितीतरी अधिक वेगाने पाहणारे वेगळे मंडल असते, आणि स्पंद सापडला की यंत्र त्या जागी स्वतः एक खूण काढते. कागदावर दिसणारी ती उभी रेघ पुष्कळदा यंत्राने काढलेली खूण असते, स्पंदाचे प्रत्यक्ष चित्र नसते. तिच्या उंचीवरून किंवा रुंदीवरून पेसमेकरच्या शक्तीचा अंदाज बांधू नये.

आज्ञावलीच्या पायऱ्या

पहिली पायरी ठोका शोधण्याची. १९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर शिकविली जाते. प्रथम गाळणी लावून संथ डोलणे आणि जलद थरथर दोन्ही कमी करायचे. मग लागोपाठच्या अंकांतील फरक काढायचा. क्यूआरएस तीव्र चढउताराचा असल्याने तेथे हा फरक मोठा येतो, पी आणि टी लहरींत लहान. मग त्याचा वर्ग करायचा, म्हणजे उणे चिन्ह जाते आणि मोठे अधिक मोठे होते. शेवटी १५० मिलिसेकंदांची खिडकी सरकवीत सरासरी घ्यायची. प्रत्येक ठोक्याच्या जागी एक उंचवटा उभा राहतो आणि तो उंबरठ्यापलीकडे गेला की ठोका मोजला जातो.

येथे भाच्याने आणि मी एक मजेशीर चूक केली. आम्ही त्या उंचवट्याचीच रुंदी क्यूआरएसची रुंदी समजलो. माझी रुंदी आली सुमारे २४० मिलिसेकंद. भाच्याची आणि माझ्या पत्नीचीही २३५ ते २४५. क्षणभर वाटले, घरात सर्वांनाच बंडल ब्रँच ब्लॉक आहे! खरे कारण असे की सरकत्या खिडकीची १५० मिलिसेकंदांची रुंदी प्रत्येकाच्या खऱ्या रुंदीत मिसळली होती. ही पद्धत ठोका कोठे आहे ते सांगण्यासाठी आहे. तो किती रुंद आहे, हे पाहण्यासाठी मूळ संकेताकडे परत जावे लागते.

दुसरी पायरी प्रातिनिधिक ठोका तयार करण्याची. एकाच प्रकारचे ठोके एकावर एक अचूक ठेवून त्यांची सरासरी किंवा मध्यक घेतात. अकाली ठोके वगळतात. स्वैर गोंगाट ठोक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ६४ ठोक्यांची सरासरी घेतली तर गोंगाट एक अष्टमांश उरतो. नेहमीच्या १० सेकंदांच्या ईसीजीत मात्र दहा-बाराच ठोके मिळतात, म्हणून गोंगाट फार तर एक तृतीयांशापर्यंत खाली येतो.

तिसरी पायरी किनारी ठरविण्याची, आणि सगळी ग्यानबाची मेख येथेच आहे. लहरीच्या सर्वांत तीव्र चढापासून डावीकडे सरकत जायचे. चढ ठरावीक उंबरठ्याखाली गेला आणि काही मिलिसेकंद तसाच राहिला, तर ती सुरुवात. तसेच उजवीकडे जाऊन शेवट शोधायचा. उंबरठा किती धरायचा? मी माझ्याच प्रातिनिधिक ठोक्यावर प्रयोग केला. कमाल चढाच्या २ टक्के उंबरठा धरला तर रुंदी ९८ आली, ५ टक्के धरला तर ९३, १० टक्के धरला तर ८६. हृदय तेच, संकेत तोच, अंक तीन. प्रत्येक उत्पादकाने हा उंबरठा आपल्या अनुभवाने, तज्ज्ञांनी हाताने मोजलेल्या आलेखांशी पडताळून ठरविलेला असतो.

चौथी पायरी सर्व लीड एकत्र पाहण्याची. उद्दीपनाची दिशा एखाद्या लीडला काटकोनात असेल तर त्या लीडमध्ये तेवढा भाग सपाट दिसतो. क्यूआरएस तेथे सुरू झालेला असतो, पण दिसत नाही. म्हणून आधुनिक यंत्रे बाराही लीड एकाच काळरेषेवर ठेवून सर्वांत आधीची सुरुवात आणि सर्वांत उशिराचा शेवट घेतात. साहजिकच ही एकत्रित रुंदी कोणत्याही एका लीडमधील रुंदीइतकी किंवा तिच्याहून जास्त असते. दोन नंबरच्या लीडवर कंपास ठेवून काढलेला अंक यंत्राच्या अंकापेक्षा कमी आला, तर लगेच यंत्राला दोष देऊ नये. एकाच लीडचा आलेख देणाऱ्या मनगटी घड्याळावरून रुंदीचा निर्णय करू नये, तोही याच कारणाने.

गाळणीने रुंदी वाढते

आमच्या घरगुती प्रयोगात उंबरठा ठरविल्यानंतरही एक अडचण उरली होती. ५ टक्क्यांचा जो ९३ हा अंक वर दिला, तो पहिल्या खेपेस आला नव्हता. आधी येत होता ११०. आज्ञावली पुनःपुन्हा तपासली. दोष तिच्यात नव्हताच. बाजारातून आणलेल्या ईसीजी विस्तारकाच्या मंडलातच ४० हर्ट्झच्या वरचे सर्व काही गाळून टाकणारी गाळणी होती. ठोके मोजण्यासाठी ती ठीक, पण तिने लहरीच्या कडा बोथट करून पसरविल्या होत्या. भाच्याने दोन घटक बदलून मर्यादा १५० हर्ट्झपर्यंत नेली आणि रुंदी ९३वर आली. रुग्णालयाच्या यंत्रातील ९२च्या अगदी जवळ. (कोणास असा प्रयोग करावासा वाटल्यास एक सूचना : संगणक बॅटरीवरच चालवावा, विजेच्या जोडणीवर नव्हे, आणि रुग्णावर असा प्रयोग कदापि करू नये.)

गंमत अशी की ईसीजीचा इतिहासच या अडचणीपासून सुरू होतो. नेदरलँड्समधील लायडेनचे विलेम आइन्थोवन १८९०च्या दशकात केशनलिकेतील पाऱ्याच्या हालचालीवरून हृदयाची वीज टिपीत. पारा जड, त्यामुळे लहर बोथट उमटे. आइन्थोवन यांनी गणिताने तो बोथटपणा वजा करून खरी लहर कशी असेल ते काढले. मूळ लहरीच्या टोकांना ए, बी, सी, डी ही अक्षरे होती. गणिताने सुधारलेल्या लहरीची गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी १८९५ साली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे योजली. आपण रोज उच्चारतो ती अक्षरे अशी दुरुस्त केलेल्या आलेखाची आहेत. पुढे त्यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर बनविला, त्याची लहर त्या गणिताने काढलेल्या लहरीशी जुळली, आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्राने दिलेले तसेच्या तसे न स्वीकारता यंत्राचा स्वभाव ओळखून मग अर्थ लावणे, हा धडा या शास्त्राच्या पहिल्याच पानावर आहे.

आपल्या गावात ५० हर्ट्झची विजेची थरथर ईसीजीत हमखास येते. मागांच्या आणि मोटारींच्या शेजारी असलेल्या दवाखान्यांत तर विशेषच. त्यावर तोडगा म्हणून तंत्रज्ञ यंत्रावरील ४० हर्ट्झची गाळणी कायमची चालू ठेवतो. आलेख देखणा होतो, पण आर लहरीची उंची घटते आणि बारीक खाचा पुसल्या जातात. काही यंत्रे मापन गाळणीपूर्वीच्या संकेतावर करतात, काही नंतरच्या. आपल्या यंत्राची पुस्तिका एकदा उघडून पाहावी. गाळणीपेक्षा इलेक्ट्रोड नीट स्वच्छ त्वचेवर बसविणे, अर्थिंग तपासणे आणि वायरी विजेच्या तारांपासून दूर ठेवणे हा खरा उपाय.

गोंगाटाने रुंदी घटते

गाळणी रुंदी वाढविते, तर गोंगाट तिला घटवू शकतो. आधाररेषा थरथरत असेल तर आज्ञावलीला उंबरठा वर न्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक थरथर तिला लहरीची सुरुवात वाटेल. उंबरठा वर गेला की लहरीचे सुरुवातीचे आणि शेवटचे मंद भाग त्याच्याखाली बुडतात आणि रुंदी कमी भरते. डाव्या वाहक शाखेच्या अडथळ्यात शेवटचा भाग मंदच असतो.

हे समजल्यावर मी त्या गृहस्थांचे दोन्ही कागद पुन्हा काढले. १२४ लिहिलेल्या कागदावर सर्व लीडमध्ये बारीक, अनियमित थरथर होती. मुलाला विचारले तेव्हा आठवले : त्या दिवशी खोलीत वातानुकूलन जोरात होते आणि वडील कुडकुडत होते. ती स्नायूंची वीज होती. आम्ही त्यांना घोंगडी पांघरून दहा मिनिटे स्वस्थ निजविले, इलेक्ट्रोड पुन्हा बसविले आणि लागोपाठ तीन ईसीजी काढले. १३६, १३८, १३६. मग एक आलेख सेकंदाला ५० मिलिमीटर गतीने काढला, मोठा करून छापला आणि बाराही लीडवर एकच उभी रेघ सरकवीत कंपासाने मोजला. मला १३८ मिळाले, माझ्या सहकाऱ्याला १३६.

मुलाला मी त्याच्याच भाषेत सांगितले : कापड सपाट पसरलेले नसेल तर त्याचाही पन्हा चुकतो. पहिल्या दिवशी कापड चुरगळलेले होते.

अंकानंतरचा निर्णय

१३८ हा १३०च्या वर आहे, पण १५०च्या खाली. २०२१च्या सूत्रांनुसार डाव्या शाखेचा अडथळा असून रुंदी १५० किंवा अधिक असेल तर सीआरटीची शिफारस सर्वांत भक्कम. १३० ते १४९ असेल तर ती 'करण्याचा विचार व्हावा' या दर्जाची. पुरुषांत खऱ्या डाव्या अडथळ्यासाठी १४० आणि स्त्रियांत १३० ही सीमा धरावी, असे डेव्हिड स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली सुचविले आहे. दुसऱ्या बाजूने, १३०पेक्षा कमी रुंदीच्या रुग्णांत सीआरटी वापरून पाहणारा 'एकोसीआरटी' हा अभ्यास २०१३ साली मध्येच थांबवावा लागला, कारण लाभ दिसेना आणि उपचार चालू असलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले. सीमारेषेच्या कोणत्याही बाजूची चूक रुग्णाला महाग पडते, हे यावरून कळावे.

आणखी एक गोष्ट होती. सीआरटीचा निर्णय औषधे पूर्ण मात्रेत निदान तीन महिने देऊन मगच घ्यायचा असतो. आमच्या रुग्णाची औषधे अर्धवट मात्रेत चालू होती. ती हळूहळू वाढविली. तीन महिन्यांनी सूज उतरली, झोप लागू लागली, पण इजेक्शन फ्रॅक्शन ३१ टक्क्यांवरच थांबले आणि जिना चढताना धाप कायम राहिली. क्यूआरएस १४० होता. त्यानंतरच कुटुंबाने विचार करून यंत्र बसविण्याचे ठरविले. आज ते दुसऱ्या मजल्यावरील आपल्या खोलीत एका दमात चढून जातात. जमिनीपैकी एक एकर गेली, एक राहिली. सीआरटी बसविलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित लाभ होत नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते. त्यांना झाला, यात आमच्या मोजणीचे श्रेय थोडेच. मात्र १२४ हा अंक प्रमाण मानला असता तर तो प्रश्न पुन्हा कोणी उघडला नसता.

रुंदी आणखी कोठे निर्णायक

पोटॅशियम वाढलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णात क्यूआरएस रुंदावू लागणे ही धोक्याची घंटा असते. तेथे कालच्या ईसीजीशी तुलना आजच्या अंकापेक्षा मोलाची, आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात. ट्रायसायक्लिक गटातील नैराश्यावरील गोळ्यांच्या विषबाधेत रुंदी १००च्या वर गेली की झटक्यांचा आणि १६०च्या वर गेली की घातक अनियमित ठोक्यांचा धोका वाढतो, हे १९८५ साली दाखविले गेले. सोडियम बायकार्बोनेटच्या उपचाराची दिशा आपण याच रुंदीवरून ठरवितो. मुलांच्या बाबतीत सीमा वेगळ्या : चार वर्षांखाली ९० आणि चार ते सोळा वर्षांत १०० मिलिसेकंद ही रुंदी वाढलेली समजतात. प्रौढांत ११०च्या वर.

यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानेही क्यूआरएसच्या मापनात संदर्भमूल्यापासून सरासरी १० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. २०१४ साली मोठ्या उत्पादकांच्या आज्ञावली एकाच आलेखसंग्रहावर चालवून पाहिल्या, तेव्हा त्यांच्या सरासरी अंकांत लहान पण निश्चित फरक आढळला. म्हणजे सर्व यंत्रे उत्तम असूनही दोन यंत्रांचे अंक भिन्न येणार. हा दोष लपविण्यासारखा नाही. तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

व्यवहारासाठी काही सूचना

१. अंक वाचण्यापूर्वी आधाररेषा पाहावी. थरथर किंवा डोलणे असेल तर रुग्णाला ऊब द्यावी, स्वस्थ निजवावे आणि ईसीजी पुन्हा काढावा.

२. कागदाच्या तळाशी गती आणि गाळणी छापलेली असते, ती वाचावी. प्रौढांसाठी १५० हर्ट्झची मर्यादा असावी.

३. सुरुवातीचा प्रमाण स्पंद पाहावा. नेहमीच्या मांडणीत तो १० मिलिमीटर उंच आणि ५ मिलिमीटर, म्हणजे २०० मिलिसेकंद, रुंद असतो. तोच वाकडा असेल तर पुढचे सर्व संशयास्पद.

४. एकाच रुग्णाची तुलना शक्यतो एकाच यंत्रावर करावी. १० मिलिसेकंदांच्या आतील बदलाला आजाराची प्रगती म्हणण्याची घाई करू नये.

५. अंक सीमारेषेजवळ असेल तर निदान तीन ईसीजी काढावेत, ५० मिलिमीटर गतीचा आलेख घ्यावा आणि हाताने, बाराही लीडवर मोजावे. हाताने मोजलेला अंकही मोजणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावा.

६. रुंदीबरोबर आकृतीही पाहावी. आय, एव्हीएल, व्ही ५ आणि व्ही ६ या लीडमधील रुंद, खाच असलेली आर लहर अंकाइतकेच सांगते.

समाजबांधवांसाठी एवढेच : ईसीजीवरील छापील निष्कर्ष वाचून घाबरू नये, आणि 'नॉर्मल' वाचून निर्धास्तही होऊ नये. जुने ईसीजी फेकू नयेत. तपासणीला जाताना ते बरोबर न्यावेत. कागद उष्णतेने काळवंडणारा असेल तर त्याची छायाप्रत करून ठेवावी. आणि दोन अहवाल जुळत नसतील तर त्या मुलाप्रमाणे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

त्या प्रश्नानंतर माझ्या टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी एक पोलादी कंपास आला. दिवसातून एक-दोनदा तरी तो उचलावा लागतो.